मोरपीस की साळिंदराचा काटा

सह्याद्रीतल्या एका गर्द रानात, उंच आंब्याच्या शेंड्यावर दोन शेकरू भाऊ राहत असत. थोरला शांत, धाकटा उतावळा. कोणाकडून काही उधार आणायचे झाले की थोरला जाई. त्याचा शब्द रानात चाले. धाकट्याला फक्त खायचे माहीत. माघातल्या एका सकाळी गरुडाने झडप घातली आणि थोरल्याला नेले. त्या झटापटीत घरटेही फाटले. थोरल्याची बायको आणि तिचे इवलेसे पिल्लू उघड्या फांदीवर आली. मुलांनो, त्या दिवसापासून धाकट्याला एका जागी बसवत नव्हते. बसले की दादा आठवे, म्हणून तो दिवसभर या फांदीवरून त्या फांदीवर उड्या मारत सुटे.

पावसाळ्याच्या आत नवे घरटे झाले नाही, तर पिल्लू काही वाचत नव्हते. घरटे विणायला लागणारे चिवट धागे सुगरणीकडे मिळत. धाकट्याजवळ होते मूठभर वाळलेले आवळे. तो सुगरणीला म्हणाला, "दादाच्या नावावर दे."

सुगरणीने वाळक्या सावरीवर बसलेल्या कावळ्याकडे पाहिले. रानात कोणी किती उधार घेतले आणि वेळेवर फेडले का, हे त्या कावळ्याला तोंडपाठ असे.

"थोरल्याचं नाव चोख होतं," कावळा म्हणाला. "पण ते त्याच्याबरोबर गेलं. ह्याच्या नावावर काहीच नाही."

"म्हणजे मी वाईट?" धाकट्याने विचारले.

"वाईट कशाला? तू कोण, तेच मला ठाऊक नाही."

धाकटा रागाने निघाला तो वानरिणीकडे, तिथून खारीकडे, मग घारीकडेसुद्धा. जिथे जाईल तिथे उधारी मागे. दुपारी कावळा सावरीवरून सांगू लागला, "शेकरू सकाळपासून दारोदार हिंडतोय बरं का." मग तर त्याला कोणी दारातही उभे करेना.

तेवढ्यात आंब्याखाली कोल्हा आला. तो मोराच्या नावाने पिसे वाटत हिंडे. पीस दाखवले की कुठलाही दुकानदार माल देई. दुकानदाराचे मोर भागवी, आणि पीसवाल्याने पौर्णिमेला मोराचे फेडायचे.

"शेकरूशेठ, हे घ्या," कोल्हा म्हणाला. "काही गहाण ठेवायला नको, कावळ्याला विचारायला नको. अख्खं घरटं एका दिवसात उभं राहील."

पीस उन्हात असे काही चमकले की धाकट्याने खालच्या फांदीवरून पंजा पुढे केलाच. तोच वहिनी वरून म्हणाली, "भावजी, एखादी पौर्णिमा चुकली तर काय, तेवढं विचारा आधी."

"तुमचे भावजी चुकणारे दिसतात का, वहिनी?" कोल्हा हसला.

"दिसतात," वहिनी म्हणाली. "विचारा, भावजी."

धाकट्याने विचारले. कोल्ह्याने आधी उन्हाळ्याच्या गप्पा काढल्या, मग शेपटी साफ केली. पुन्हा विचारल्यावर पुटपुटला, "चुकली तर दुप्पट. पुढचीही चुकली तर चौपट. आणि पिसाचं भाडं वेगळं. वापरा, न वापरा."

धाकट्याने पंजा मागे घेतला.

रानात साळिंदरही अशीच उधारी देई. त्याची खूण म्हणजे त्याच्या अंगावरचा एक काटा. पण तो राही डोंगराच्या पायथ्याशी बिळात, आणि शेकरू सहसा जमिनीवर उतरत नाहीत. धाकटा अर्ध्या खोडापर्यंत आला, घाबरून वर पळाला, पुन्हा आला, आणि शेवटी डोळे मिटून खाली उडी मारली. बिळाशी पोचला, तर साळिंदर दिवसाचा झोपला होता.

"ही काय उठवायची वेळ?" तो काटे फुलवून म्हणाला.

"काटा हवाय, काका. कावळ्याकडे माझं नाव नाही."

"मग आवळे आण. जेवढे माझ्याकडे ठेवशील, तेवढ्याच मोलाची उधारी मिळेल."

"वा, काका. माझेच आवळे ठेवून मलाच उधारी? त्यापेक्षा मी सुगरणीलाच आवळे देतो की."

"दे ना. आवळे संपतील, धागे संपतील, आणि कावळा पुन्हा विचारेल, तू कोण?" साळिंदराने मोठी जांभई दिली. "नीट फेडत राहिलास, तर पुढे आवळेही परत मिळतील."

"आणि पौर्णिमा चुकली तर?"

"आवळे माझे. शिवाय कावळ्याला सांगणार. आत्ताच ऐकून ठेव, मागाहून कुरकुर चालायची नाही."

उत्तर कडू होते, पण पहिल्याच विचारण्यात मिळाले होते. धाकट्याने आवळे ठेवले आणि काटा घेतला.

काट्यावर मिळे फार थोडे. त्यात घरट्याचा तळसुद्धा होईना. धाकटा थोडे धागे आणी, विणी. मग उंच फांद्यांवरची, कोणाच्या हाती न लागणारी उंबरे तोडून बाजारात नेई आणि पौर्णिमेच्या आधीच साळिंदराचे फेडून टाकी. एकदा त्याने सुगरणीकडची सावरीच्या कापसाची जाडजूड गादीही उचलली. सुगरण म्हणाली, "काटा आहे म्हणून सगळं उचलायचं नसतं रे. उंबरं तुलाच तोडायची आहेत ना?" त्याने गादी मुकाट्याने खाली ठेवली.

फाल्गुनी पौर्णिमेला कावळा सावरीवरून ओरडला, "आंब्यावरचा धाकटा शेकरू. घेतलं, फेडलं." चैत्रात तेच. वैशाखात तेच. रानाने त्याचे नाव असे पहिल्यांदाच ऐकले होते. दादाने हे ऐकायला हवे होते, असे धाकट्याच्या मनात आले. पण या वेळी तो उडी मारून पळाला नाही. तिथेच बसला, रडला, आणि डोळे पुसून सुगरणीकडे गेला. सुगरणीने कावळ्याकडे न बघताच उरलेले सगळे धागे त्याच्यापुढे ठेवले.

ज्येष्ठात पाऊस कोसळला तेव्हा वहिनी पिल्लाला कुशीत घेऊन नव्या घरट्यात बसली होती. छताकडे बघत ती म्हणाली, "एका बाजूला झुकलंय जरा."

"झुकलंय," धाकटा म्हणाला. "दादाने सरळ बांधलं असतं."

"बांधलं असतं."

मग वहिनीने पिल्लाच्या पाठीवरून पंजा फिरवला. पाठ कोरडी होती. "पण गळत नाही हो, भावजी," ती म्हणाली, आणि त्या घरात माघानंतर पहिल्यांदा कोणी हसले.

तात्पर्य : पहिले क्रेडिट कार्ड घेताना "एखादी तारीख चुकली तर काय?" हे आधी विचारावे, सरळ उत्तर देणाऱ्याकडूनच ते घ्यावे, आणि फेडता येईल तेवढेच वापरावे. आपले नाव आपणच असे थोडेथोडे करायचे असते.