करवंटीखालचा दिवा

शिरवंडी गावात नवी सून उंबरठा ओलांडते, तेव्हा सासू तिच्या एका हातात दिवा देते आणि दुसऱ्या हातात नारळाची करवंटी. पाहुण्यांना दिव्याचं कळतं, करवंटीचं कळत नाही. मग होड्या हाकणारे गावचे जुने तांडेल धाकूआबा त्यांना समुद्रातली खडपं दाखवतात. त्या खडकांच्या कपारीत दिवली नावाची बोटभर काळी मासळी दिवसभर दडून असते. काळोख पडला की ती बाहेर येते आणि तिच्या डोळ्याखालचा इवलासा दिवा उघडझाप करू लागतो. हा दिवा तिला आवडायने दिला, असे सांगतात.

आवडाय ही नागू तांडेलाची बायको. कामाला वाघीण, पण हाताची भारी चिकट. दिवा लावला की त्यावर भोकाची करवंटी उपडी घालायची. झाकलेली ज्योत मंद जळते आणि तेल कमी पिते, हे तिचं शास्त्र. कुणी दारात आलं की करवंटी उचलायची, तोंड बघायचं, पुन्हा झाकायची. आवडायच्या घरात पतंगसुद्धा चाचपडत येतो, असं गाव म्हणे. नागू कुरकुरला की तिचं उत्तर ठरलेलं, "तेल काय समिंदरातसून येता?" आणि चांदण्या राती तर ती दिवा लावतच नसे. वर एवढा फुकटचा उजेड असताना कशाला जाळायचा?

एका अवसेला नागूची होडी वादळात सापडली. गावच्या बायका दिवे घेऊन किनाऱ्यावर धावल्या. सगळ्यांनी वाती मोठ्या केल्या आणि बघता बघता सगळ्यांचं तेल संपलं. उरला तो आवडायचा दिवा. जिवाचं पाणी पाणी झालं होतं, तरी हाताची सवय सुटेना. करवंटी उचलायची, झाकायची, उचलायची, झाकायची.

तिकडे होडीतल्या माणसांना दोन दिवे दिसत होते. एक शेजारच्या गावचा, एक आपला. पण आपला कुठला? चुकीच्या दिव्याकडे जावं, तर होडी खडकावरच फुटायची. एवढ्यात नागू ओरडला, "उघडझाप करता तो आमच्या घरचो! दुसऱ्या खयच्या गावात तेलाचो असो जीव काढतत?"

होडी वळली. पण खडपांमधल्या चिंचोळ्या वाटेच्या तोंडाशी ती आली आणि आवडायची वात फडफडली. तेलाचा थेंब उरला नव्हता. आयुष्यभर राखलेलं तेल नेमकं आता सरलं, म्हणून ती ऊर बडवून रडली. मग विझत चाललेला दिवा तिने करवंटीसकट समुद्रात टाकला. "बाबा दर्या, ह्यो दिवो तुका. माजो घोव माका दी."

आयुष्यात तिने कुणाला काही दिलं असेल, तर ते हेच पहिलं. समुद्रालाही त्याचं अप्रूप वाटलं असावं. कपारीतल्या चिमुकल्या माशांनी म्हणे तो दिवा ठिणगी ठिणगी वाटून घेतला, डोळ्याखाली ठेवला आणि करवंटीची झापड करून घेतली. वाटेच्या दोन्ही कडांना उजेड लुकलुकू लागला. अगदी आवडायच्याच हातचा, उघडझाप, उघडझाप. त्यामधून होडी सुखरूप आत आली.

आवडायने नवऱ्याचे पाय धरले. "आजपासून करवंटी घालूचंय नाय," ती म्हणाली.

नागू भिजलेल्या अंगाने हसत सुटला. "तसा करू नको गो बाय! तुज्या चिकटपणानच घराक इलंव."

आजही शिरवंडीत जाळ्यात दिवली आली तर हलकेच पाण्यात सोडतात. ती मासळी आवडायच्याच वळणाची, चांदणं पडलं की बाहेर येत नाही. अवसेला मात्र सुना किनाऱ्यावर दिवा नेतात, करवंटी उचलतात, झाकतात आणि खडपांकडून जबाब येतो. एखादा हौशी पाहुणा नीट दिसावं म्हणून बॅटरी मारतो. तेव्हा अंधारातून धाकूआबांचा आवाज येतो, "बंद कर रे ती! सेल काय समिंदरातसून येतत?"

बॅटरी विझते. थोड्या वेळाने पाण्यात पहिला दिवा उघडतो.