टिचकीची रीत

त्या राज्यात सगळे मातीचे होते, आणि कोण पक्कं, कोण कच्चं हे टिचकीवर ठरायचं. भट्टीतून निघालेली पोरं रांजणगुरुजींच्या अंगणात शिकायला बसत. रोज सकाळी प्रत्येकानं शेजाऱ्याला एक टिचकी मारायची, शेजाऱ्यानं 'टण्ण' वाजायचं; रीतच होती तशी. वर्षअखेर भरणीचा दिवस येई. ज्याच्यात पाणी टिकलं तो एखाद्या घरी नांदायला जाई, जो गळला तो खापरांच्या ढिगावर.

डेरा अंगानं दांडगा. त्याचं एका टिचकीत कधी भागलंच नाही. चिमुकल्या बोळक्याला तो येता टिचकी मारी, जाता टिचकी मारी. "रडतोस काय रे बोळक्या? नाद बघतोय तुझा. रीत आहे!" मग त्याचा जोडीदार माठ आणखी एक मारी, आणि सगळी रांग खो खो हसे. रांजणगुरुजी लांबून तो टणटणाट ऐकत आणि मान डोलावत, "वा! काय मन लावून अभ्यास करतात माझी पोरं!" आता बोला!

घागर बोळक्याच्या शेजारी बसायची. हसण्यात तीही होती, खोटं कशाला सांगा. पण भरणीला आठ दिवस उरले असताना बोळकं 'टण्ण' वाजलंच नाही. 'बद्' वाजलं. त्याच्या पोटावर केसाएवढी चीर गेली होती.

"कुणाला सांगू नकोस गं," ते म्हणालं. "ढिगावर टाकतील मला."

घागरीपुढे पेच पडला. बोलावं तर उद्यापासून टिचक्या आपल्या वाट्याला. गप्प बसावं तर बोळकं ढिगावर. दोन दिवस तिचं तळ्यात-मळ्यात चाललं. तिसऱ्या दिवशी ती उठली आणि तडक गुरुजींपुढे जाऊन उभी राहिली.

"अगं, ती तर आपली रीत आहे," सगळं ऐकून गुरुजी म्हणाले.

"रीत एका टिचकीची आहे, गुरुजी. काल मी एकेचाळीस मोजल्या. आणि मीही हसले."

गुरुजींचं तोंड उतरलं. त्यांनी डेऱ्याला बोलावून हलकेच एक टिचकी मारली. तोही एका अंगाला बद् वाजला! त्याची ती बाजू भट्टीत कच्ची राहिली होती. त्या बाजूला कुणी वाजवू नये म्हणून गडी दिवसभर दुसऱ्यांना वाजवत सुटला होता.

"तुला फोडणार नाही," गुरुजी म्हणाले. "खापरं काय कमी आहेत इथं? जा, लाख आण. बोळक्याची चीर तू त्या लाखेनं बुजवायची. मग तुझी कच्ची बाजू आपण पुन्हा भाजू."

त्याच दिवशी रीतही बदलली. विचारल्याशिवाय टिचकी नाही. आणि कुणी कुणावर उगारलेली दिसली, तर बघणाऱ्यानं आपल्याच अंगावर टिचकी मारून वाजायचं.

भरणीचा दिवस उजाडला. काठोकाठ भरलेलं बोळकं जीव मुठीत धरून सगळ्यांसमोर बसलं.

"लाख धरते का, बघू तरी," म्हणत माठानं टिचकी उगारली.

टण्ण! घागर वाजली. पाठोपाठ सुरई, मग गाडगी, मग अख्खी रांग. शेवटी डेरा वाजला, जरा घोगरा, पण सगळ्यांत मोठ्यानं. माठाची टिचकी उगारलेलीच राहिली. रांजणगुरुजींचा ऊर असा भरून आला म्हणता, विचारू नका. ही आपली पोरं!

त्या नादानं बोळक्यातलं पाणी काठापर्यंत थरथरलं. लाखेच्या रेषेतून मात्र एक थेंबही बाहेर आला नाही.