तेहतीस अनारशांचा चोर

वेळूगडच्या राजवाड्यात अनारसे कमी भरू लागले!

अधिक महिना चालू होता. लेक-जावई यायचे होते. जावयाला तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं, म्हणून राणीसाहेबांनी स्वतः चुलीपुढं बसून अनारसे तळले, मोजून डब्यात भरले आणि डबा कोठीत ठेवला. दुपारी वाड्यातली सगळी मंडळी लवंडली. उठून बघतात तर अठ्ठावीस! पुन्हा तळले. दुसऱ्या दुपारी सव्वीस!

"कोठीत शिरतं तरी कोण?" राणीसाहेब कडाडल्या.

"उदमांजर!" यशोधर महाराज घाईघाईनं म्हणाले. "दुसरं कोण असणार? वैद्यबुवांनी माझं गोड बंद केल्यापासून या वाड्यात गोड खाणारं आहेच कोण!"

"मग धरून दाखवा तुमचं उदमांजर!"

झालं. महाराजांनी सुभानाला बोलावणं धाडलं. सुभाना वेशीबाहेरच्या खोपटात राहायचा. पिंजरे बांधायचा, त्रास देणारी जनावरं धरायचा आणि लांब रानात नेऊन सोडायचा. बरोबर त्याची लेक कोंडी आली, डोक्यावर पिंजरा घेऊन.

सुभानानं कोठी पाहिली. सावकाश पाहिली. खिडकीला गज, कौलं जागच्या जागी, कुठं नखाचा ओरखडा नाही.

"सरकार, हितं जनावर शिरलेलं दिसत न्हाई."

"दिसत नाही म्हणून तर तुला बोलावलं!" महाराज गरजले. राणीसाहेब बाजूलाच उभ्या होत्या, त्यामुळं जरा जास्तच गरजले. "परवा दुपारची विश्रांती झाली की दरबारात पिंजरा आण. पिंजऱ्यात चोर दिसला पाहिजे! नाही दिसला, तर खोपट मोडायचं आणि राज्याबाहेर चालतं व्हायचं!"

कोंडी पुढं झाली.

"महाराज, दोन अनारसे मिळतील का?"

"का गं? भूक लागली?"

"मला न्हाई, जनावराला. आमच्यात आमिष आधी घरी पारखतात, मग पिंजऱ्यात लावतात."

तिनं डब्यातून हात न लावता, पानानं उचलून दोन अनारसे घेतले. एक तळातला. एक वरचा, जिथं चोरानं चाचपलं होतं तिथला.

आता बघा, पारखायची त्यांची रीत अशी. आधी कडुलिंबाच्या पाल्याची धुरी हातांना द्यायची, म्हणजे माणसाचा वास जातो. मग अंगणात चाळलेली राख पसरायची, तिच्यावर लांब लांब आमिषं मांडायची आणि घरात जाऊन गप झोपायचं. सकाळी राखच सगळं सांगते. कोंडीनं पिकलं केळं मांडलं, सुका बोंबील मांडला, आणि दोन टोकांना दोन अनारसे.

सकाळी बापलेक राखेपाशी उकिडवे बसले. बोंबील मांजरानं नेला होता. केळं उदमांजरानं खाल्लं होतं. पाच बोटांचा पंजा स्वच्छ उठला होता. तळातला अनारसाही त्यानंच फस्त केला होता. पण वरच्या अनारशापाशी पंजे आले, हातभर अंतरावर थबकले आणि गर्रकन मागं फिरले!

"आबा, हे काय?"

"एकदा बघून काय कळतंय? आज पुन्हा मांड."

दुसऱ्या सकाळी तेच! उदमांजर आलं, थबकलं, फिरलं. कोंडीनं तो अनारसा उचलून हुंगला. पुन्हा हुंगला.

"आबा, केवडा!"

"काय?"

"चोराच्या हाताला केवड्याचं अत्तर हाय. केवडा कोण लावतं?"

सुभानानं तिच्या तोंडावर हात ठेवला. "गप, पोरी! साऱ्या राज्यात केवडा एकच माणूस लावतो. त्याचं नाव घेशील तर मुंडकं जाईल. न्हाई घेतलं तर खोपट जाईल."

"नाव कशाला घ्यायचं?" कोंडी म्हणाली. "दिसला पाहिजे, एवढंच म्हणालेत ना? दाखवू की!" आणि ती निघाली कासाराच्या घरी.

त्याच दुपारी दरबार भरला. महाराज विश्रांती आटपून, मिशीला पीळ देत आले. मधोमध पिंजरा, त्यावर घोंगडं.

"आणलास चोर?"

"आणलाय, महाराज," कोंडी म्हणाली. "पण जनावर लई लाजाळू हाय. तुम्ही एकट्यानंच घोंगडं वर करून बघा."

महाराज हसले. "नाही दिसला तर?"

"तर आम्ही उभ्या पावली निघतो."

महाराज वाकले. घोंगड्याचं टोक उचललं. पिंजऱ्यात कासाराकडचा आरसा! आरशात महाराज! आणि महाराजांच्या मिशीत, पिळाच्या बरोबर खाली, खसखशीचे चार दाणे!

महाराजांनी झटकन मिशी पुसली. सुभानानं डोळे मिटले.

"पोरी," महाराज हळूच म्हणाले, "अनारशाचा चोर मागितला, तर हा आरसा कसा?"

"सोपं हाय, महाराज! अनारशातलं अन्न चोराच्या पोटात गेलं. उरला तो आरसा!"

महाराजांचं पोट आधी हललं, मग खांदे, आणि मग असे काही खो खो हसले की फेटा सुटून खाली आला!

"दिसला! चोर दिसला! राणीसाहेब, तुम्हीही बघा!"

राणीसाहेबांनी वाकून पाहिलं, मग महाराजांच्या मिशीकडं पाहिलं. एक दाणा अजून तिथंच होता! मग काय, दरबारात जी खसखस पिकली ती थांबेना. वैद्यबुवासुद्धा पदराआड, म्हणजे आपल्या उपरण्याआड, हसत होते.

"सुभाना," महाराज डोळे पुसत म्हणाले, "वेशीच्या आत चौसोपी घर तुझं! आणि आजपासून कोठीची किल्ली या पोरीकडं! पण खरं सांग पोरी, ते जनावर पुन्हा आलं तर काय करशील?"

कोंडीनं किल्ली कमरेला खोचली.

"वैद्यबुवांना विचारून रोज एक अनारसा पिंजऱ्यात ठेवीन, महाराज. दार उघडंच असंल. फक्त त्याला म्हणावं, येताना हाताला धुरी देऊन ये!"