टांगलेली फळी

सांगलीच्या निंबाळकर सरांचा कराटेचा वर्ग मोठा आणि सरांचा तोरा त्याहून मोठा. दर प्रात्यक्षिकात ते एका ठोशात लाकडी फळी फोडायचे आणि टाळ्या थांबेपर्यंत मूठ वरच ठेवायचे. समोर पाय रोवून, दोन्ही हातांनी ती फळी धरून उभी असायची वैजयंती. तिच्याकडे कुणी बघायचंही नाही.

यंदा पुण्याला मोठं प्रात्यक्षिक ठरलं. सरांनी सगळ्यांसमोर नावं सांगितली. त्यात वैजयंती नव्हती.

"सर, आणि मी?"

"फोडणारे येतील. फळी काय, कुणीही धरेल. त्यात कसलं आलंय कौशल्य?"

वैजयंती जराही चिडली नाही. "खरंय सर. मग धरायला माणूस तरी कशाला हवा? दोरीनं टांगू की!"

"टांग. मला काय फरक पडतो!"

तिनं छताच्या हुकाला दोरी बांधून फळी टांगली. सरांनी आरोळी ठोकून ठोसा हाणला. फळी झोका घेत मागे गेली, तशीच परत आली आणि थेट सरांच्या नाकावर आपटली. तिला साधा तडाही गेला नव्हता.

नाक चोळत सर ओरडले, "अगं, ही एका जागी थांबतेय कुठं!"

वैजयंतीनं हात पुढे करून झुलणारी फळी धरली.

"माझं कौशल्य तेवढंच आहे, सर. मी तिला थांबवते."

पुण्यात सरांच्या नाकावर पट्टी होती आणि फळी वैजयंतीच्याच हातात.