वाकवलेली नळी

एकदा एका वृद्ध कारागिराकडे गावच्या बँडमधला एक वादक आपला जुना ट्युबा घेऊन आला. पितळी वाद्यांतले हे सर्वांत मोठे आणि सर्वांत खालच्या सुरात बोलणारे वाद्य. चाळीस वर्षे त्याने ते अंगावर वागवले होते. नाकापर्यंत उपरणे गुंडाळलेले तसेच ठेवून तो म्हणाला, फुंकले की नुसती हवा जाते, सूर धरत नाही. जत्रेला आठ दिवस उरले होते. तोवर ट्युबा बोलला नाही तर झांजा धर, असे बँडमास्तराने त्याला सर्वांदेखत सुनावले होते.

कारागिराने त्याला आत नेले, चहा पाजला आणि घटकाभर त्याच्याशी बोलत बसला. त्याच्या तरुण शिष्याला हा वेळेचा अपव्यय वाटला. हवा जाते म्हणजे वाद्य गळते. यात बोलण्यासारखे काय होते? त्याने बुचे लावून ट्युब्याचा एकेक भाग पाण्यात बुडवला आणि बुडबुड्यांवरून सात छिद्रे शोधली. ती झाळून बुजवली, पोचे काढले, अडकलेल्या कळा मोकळ्या केल्या. मूळ आकारात केसभर फरक राहू नये म्हणून दिवसच्या दिवस मापे घेतली. सहाव्या दिवशी ट्युबा नव्यासारखा झळकू लागला.

कारागिराने तो स्वतः फुंकून पाहिला. सूर भरदार निघाला. "काम चोख आहे," तो म्हणाला. मग त्याने फुंकायची नळी सुटी केली, तापवून मऊ केली, चेमटू नये म्हणून तिच्यात राळ भरली, आणि गुडघ्यावर धरून चांगली दोन बोटे डावीकडे वाकवली. शिष्याने घासून आणलेली चकाकी विस्तवाने काळवंडली.

शिष्याचा संयम सुटला. "वस्ताद, सहा दिवस मी हे सरळ करण्यात घालवले. तुम्ही बिघडवलेत."

"उद्या तो आला की त्यालाच विचार," एवढेच म्हणून कारागीर राळ काढू लागला.

दुसऱ्या दिवशी वादक आला. फुंकण्यासाठी त्याने उपरणे सोडले, तेव्हा शिष्याने त्याचा चेहरा प्रथमच पाहिला. अर्धांगाच्या झटक्याने तोंड डावीकडे ओढले गेले होते. ओठांची उजवी कड मिटतच नव्हती.

"तू छिद्रे सात बुजवलीस," कारागीर म्हणाला, "आठवे या माणसाच्या ओठात होते. हे वाद्य घडले तेव्हा घडवणाऱ्याला याचे तोंड ठाऊक नव्हते. त्याने नळी सरळ ठेवली, त्याचा दोष नाही. आपल्याला मात्र ठाऊक आहे. माणसाला वाकवणे आपल्या हाती नाही, पोरा. पितळ वाकवणे आहे."

वादकाने ओठांच्या डाव्या कडेला नळी टेकवली. पहिल्या फुंकेला नुसता वारा. दुसऱ्या फुंकेला सूर उमटला, जरा थरथरला, आणि ठरला. वादकाने डोळे मिटून घेतले.

शिष्य वादकापुढे जाऊन बसला आणि ओठांकडे निरखून पाहत म्हणाला, "काका, मान अवघडतेय तुमची. नळी अजून थोडी वळवू?"

"अर्धे बोट," वादक म्हणाला. "आणि जराशी खाली."

शिष्य विस्तव पेटवायला उठला.