क्रँकचा नाद

ट्रकचे सुटे भाग बोलत, त्या काळची गोष्ट. घाट चढून चढून झिजलेला एक क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनाचा कणाच, दस्तगीर मिस्त्रींच्या गॅरेजात साखळीला टांगला होता.

"आता भट्टी," भंगारातला स्प्रिंगचा गंजका पाटा म्हणाला. "वितळायचं आणि संपायचं."

मिस्त्री हातोडी घेऊन आले, तसं क्रँकला वाटलं, आता तोडणार. पण त्यांनी हलकेच एक ठोका दिला आणि कान लावला.

घंटेसारखा नाद उठला आणि घुमतच राहिला. कानशी, पकडी थबकल्या. एवढा नाद आपल्या अंगात आहे, हे क्रँकला ठाऊकच नव्हतं.

"कुठेही तडा नाही," मिस्त्री म्हणाले. "घासून पुन्हा बसवू. घडताना भट्टीची आग यानं एकदा पचवलीय. ती परत कशाला पेटवायची?"

पाटा भंगारातून जरा वर सरकला. मग हळूच म्हणाला, "मिस्त्री, मलाही एकदा वाजवून बघा."