घसरलेली सुई

फार वर्षांपूर्वी एका चित्रकाराची सुई छपाईच्या तांब्याच्या पत्र्यावर एक भव्य हवेली आणि तिची बाग कोरत होती. कमानी, कारंजी, फुलांचे ताटवे, सगळं रेखीव उतरलं होतं. अगदी शेवटी सुई घसरली आणि चिंचेच्या फांदीखाली एक लांब ओरखडा उठला.

सुई रडवेली झाली. "पत्रेदादा, मी तुम्हाला विद्रूप केलं."

"घाबरू नकोस गं," पत्रा म्हणाला. "मला ही झोपाळ्याची दोरी दिसतेय. शेजारी दुसरी काढ आणि कुणाला तरी झोका दे."

सुईने झोपाळा काढला, त्यावर एक हसरी मुलगी बसवली.

चित्र कागदावर छापून आलं, तेव्हा हवेलीच्या मालकीणबाई कितीतरी वेळ त्या झोपाळ्यावर बोट टेकवून बसल्या. मग म्हणाल्या, "आता कुठे हे आमचं घर वाटतंय."